बाबा, कापूस काहून ठेवला?

पालकसभा संपली की दोन-चार जण वर्गाच्या दारात रेंगाळतात. चप्पल घालता घालता ठरलेलं वाक्य येतं, "सर, आता तुमीच पाहा त्याच्याकडं. आमाले काय समजते त्यातलं!" बीजगणिताबद्दल किंवा इंग्रजीच्या व्याकरणाबद्दल कोणी असं म्हणालं तर मी मान डोलावतो. पण इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि गोष्ट रचण्याची कला, या चार बाबतींत मी ते ऐकून घेणार नाही. आपल्या वरवट बकाल गावातल्या शेतकरी घराला यातलं काही कळत नाही, हे मला पटत नाही.

मुलांच्या पुस्तकांत हे विषय विखुरलेले असतात. मराठीच्या पेपरात कथालेखन येतं. नववी-दहावीच्या इतिहासात साधनं, इतिहासलेखन, उपयोजित इतिहास असे धडे आहेत. अकरावी-बारावीला कला शाखा घेतली की मागणी-पुरवठा येतो आणि कुठे कुठे मानसशास्त्रही. मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात लिहितात आणि निकालाच्या आधीच विसरतात. विसरणारच, ज्या शब्दामागे काही पाहिलेलं नाही तो शब्द टिकायचा कसा? गंमत अशी की हे चारही विषय २०२२-२३ च्या हंगामात तुमच्यापैकी अनेकांच्या घरात एकाच ढिगात पडून होते. तो ढीग कापसाचा होता.

आठवून बघा. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, कापसानं कधी नव्हे तो भाव दाखवला. हमीभाव मध्यम धाग्याला ५,७२६ आणि लांब धाग्याला ६,०२५ रुपये असताना हंगामाच्या शेवटी काही बाजारांत क्विंटलला १२,००० च्याही वर बोली गेली. तोवर बहुतेकांचा कापूस विकून झाला होता. हळहळ लागली. पुढच्या वर्षी सगळ्यांनी मनाशी ठरवलं, यंदा घाई करायची नाही. आठ-नऊ हजारांचा भाव समोर होता, पण जो तो म्हणे, "थांबू थोडं, भाव वाढन." संक्रांत गेली, होळी गेली. समोरच्या खोलीत आढ्याला टेकेल एवढा कापूस, त्यावर जुनं लुगडं पसरलेलं आणि त्याला खेटूनच रात्री मुलांची अंथरुणं. उन्हं तापली तसे त्यातून बारीक किडे निघाले. मुलांच्या मानेवर, दंडावर पुरळ उठलं. खाजवून खाजवून झोप नाही. पेरणी तोंडावर आली, बियाण्याला पैसा पाहिजे, तेव्हा तोच कापूस सात हजारांच्या आगेमागे गेला.

या काळात कधीतरी तुमच्या पोरानं विचारलं असेल, "बाबा, कापूस काहून ठेवला?" आणि त्याला उत्तर मिळालं असेल, "तू आपला अभ्यास कर."

अहो, तोच अभ्यास होता.

त्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मानसशास्त्रात आहे. १२,००० हा आकडा आपल्या डोक्यात खुंट्यासारखा रोवला गेला होता आणि नंतर आपण जे मोजलं ते त्या खुंट्याभोवती फिरूनच. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं एक चाक फिरवायचं. चाकात मेख अशी की ते १० वर तरी थांबणार नाहीतर ६५ वर. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघातल्या देशांपैकी शेकडा किती देश आफ्रिकेतले? चाकाचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नाही. तरी ज्यांच्यासमोर १० आलं त्यांचं मधलं उत्तर २५ आलं आणि ज्यांच्यासमोर ६५ आलं त्यांचं ४५. कानावर पडलेला आकडा असा ओढतो. मग आपल्या डोळ्यांदेखत पेटलेला बारा हजारांचा आकडा ओढणार नाही का?

याच दोघांनी पुढे दाखवलं की मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख माणसाला जास्त लागतं. आठ हजार हातात येत असताना आपल्याला आठ हजार मिळाल्यासारखं वाटलंच नाही, चार हजार बुडाल्यासारखं वाटलं. काहनेमन यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं, तेही अर्थशास्त्राचं. मुंबईत बसून शेअर घेणारा माणूसही हेच करतो. पडलेला शेअर वर येईल म्हणून धरून ठेवतो. तेव्हा पोराला सांगताना स्वतःला अडाणी ठरवू नका. माणसाचं मन कसं चालतं याचा तो नमुना होता आणि नमुना म्हणून तो पुस्तकातल्यापेक्षा चांगला आहे, कारण मुलगा त्याला टेकून झोपला होता. आणखी एक भर माझ्याकडून: त्या दिवसांत पहिला कापूस विकणारा येडा ठरत होता. चारचौघांत येडं ठरायची भीतीही भावात धरली पाहिजे.

दुसरं उत्तर इतिहासात आहे. कापसाची तेजी विरून जाण्याची वऱ्हाडाला ही पहिली खेप नव्हती. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. आठच वर्षांनी, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी पेटली. इंग्लंडच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर चालत. उत्तरेच्या आरमारानं तिकडची बंदरं अडवली आणि गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत भाव कितीतरी पटींनी चढले. कंपन्यांचे शेअर काढून माणसं रातोरात लखपती झाली. १८६५ मध्ये लढाई संपल्याची बातमी आली आणि त्याच वर्षी सगळा डोलारा कोसळला. कापसाचा आणि शेअरचा त्या काळचा राजा प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाचा आहे. मुलांची सहल मुंबईला गेली तर मनोरा दाखवताना कापसाचं नाव घ्या.

आणि मुंबईला कशाला जायचं? आपलं खामगाव त्या काळी देशातल्या बड्या कापूस बाजारांत मोजलं जाई. मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या जलंबहून खामगावला जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा कापसासाठीच काढला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. तारखांकडे नीट बघा. तेजी १८६५ ला संपली, रेल्वे १८७० ला आली. भाव बसला तरी पऱ्हाटी बसली नाही, उलट वाढली. असं का झालं असेल, हा प्रश्न दहावीच्या मुलाला घाला. पुस्तकात त्याचं तयार उत्तर नाही, म्हणून तर घालायचा.

घरातला इतिहास याहून जवळ आहे. १९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली, म्हणजे कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच विकायचा. पुढची तीसेक वर्षं वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं आयुष्य ही खरेदी करणाऱ्या 'फेडरेशन'भोवती फिरलं. आजोबा असतील तर त्यांना बोलतं करा. केंद्रावर गाड्यांच्या रांगा किती दिवस लागायच्या? ग्रेडर हातात बोंडं घेऊन काय म्हणायचा? पैसे एकदम मिळायचे की हप्त्यानं? आणि सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश, तिकडं भाव जास्त असला की रात्री काय चालायचं? हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर आजोबा आधी हसतील, मग इकडंतिकडं बघतील, मग सांगतील. नातवानं ते वहीत लिहून घेतलं की त्याच्या पुस्तकातलं 'मौखिक साधन' तयार झालं. लोखंडी पेटीत कापूस विक्रीची एखादी जुनी पट्टी निघाली तर ते लिखित साधन. पट्टीवर तारीख असते, वजन असतं, भाव असतो, हमाली-तोलाई वजा केलेली असते. आता आजोबांची आठवण आणि पट्टीवरचा आकडा जुळतो का ते बघायला सांगा. जुळणार नाही. आजोबा भाव जास्त सांगतील किंवा वर्ष चुकवतील. साधन तपासून घ्यायचं असतं म्हणजे काय, हे मुलाला त्या दिवशी कळेल. आजोबांना मात्र खोटं पाडायचं नाही, एवढं बजावून ठेवा.

सिंदखेडराजाला सहली जातात. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ हे पोरं घडाघडा सांगतात. चांगलंच आहे. पण इतिहास फक्त राजवाड्यात राहतो असं त्यांना वाटायला नको, म्हणून पेटी उघडायची.

अर्थशास्त्राचा भाग सगळ्यांत सोपा, कारण तुम्ही तो रोज करता. फक्त मोठ्यानं करत नाही. एक हिशेब मोठ्यानं करून दाखवा. समजा घरात २० क्विंटल कापूस आहे आणि आज ८,००० भाव आहे. आज विकला तर १,६०,००० आले. पाच महिने थांबलो. कृषी केंद्राची ५०,००० उधारी आहे, महिन्याला शेकडा २ व्याज धरलं तर पाच महिन्यांचे ५,००० गेले. कापूस वाळला, वजन घटलं, उंदीर-किड्यांनी घेतलं ते घेतलं, धरा एक क्विंटल कमी भरला. राहिले १९. आता आजचीच रक्कम पदरात पडायला १,६५,००० भागिले १९, म्हणजे क्विंटलला साधारण ८,६८४ रुपये भाव लागेल. ७०० रुपयांच्या आसपास भाव चढला तर आपण जागच्या जागी. त्याहून चढला तर फायदा. हे गणित सातवीचं पोरगं करू शकतं आणि ज्यानं एकदा केलं त्याला 'थांबण्याचीही किंमत असते' हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग भाव का चढला आणि का पडला? इथे मुलं अडतात, कारण त्यांना वाटतं भाव व्यापारी ठरवतो. व्यापाऱ्याला शिव्या घालणं सोपं असतं, कधी कधी न्यायाचंही असतं. पण २०२२ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुई अकरा वर्षांतल्या सर्वांत वरच्या भावाला पोचली होती आणि त्यानंतर जगभर कापडाची मागणी ढिली पडली तसा भावही घसरला. वरवटच्या काट्यावरचा आकडा न्यूयॉर्कला आणि ढाक्याच्या शिलाई कारखान्याला बांधलेला आहे. मुलाच्या अंगातल्या टी-शर्टचं लेबल उलटून बघायला लावा. कुठे शिवला ते त्यावर असतं.

हमीभावापाशीही मुलं अडतात. २०२५-२६ ला मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाले. मुलं विचारतील, सरकारनं भाव जाहीर केला तर सगळ्यांना तोच मिळत का नाही? ओलावा, प्रत, नोंदणी, खरेदी केंद्राचं अंतर, हातातली नड, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. सांगा.

आता गोष्टीकडे येतो. शेगाव इतकं जवळ असल्यावर दासगणूंचा गजानन विजय ग्रंथ घरात असतोच. एकवीस अध्यायांचं पारायण बायका करतात, मुलं प्रसादापुरती येतात. त्यातली अकोलीच्या विहिरीची कथा घ्या. गजानन महाराज भास्कर पाटलांना पाणी मागतात, भास्कर नाही म्हणतो, वर चार शब्द सुनावतो. महाराज जवळच्या कोरड्या विहिरीकडे जातात, विहिरीला पाणी लागतं आणि भास्कर पायाशी येतो. भक्तीनं ऐका, तो तुमचा अधिकार. पण मुलाला एक प्रश्न विचारा: या गोष्टीत बदललं कोण? विहीर म्हणेल तो पहिल्यांदा. थोडं थांबलात तर म्हणेल, भास्कर. कोणाला काहीतरी हवं असतं, कोणीतरी आडवं येतं, एक क्षण असा येतो की सगळं फिरतं आणि शेवटी माणूस पहिल्यासारखा राहत नाही. कथालेखनाच्या प्रश्नाला एवढं पुरतं. खारपाणपट्ट्यातल्या मुलाला विहिरीला गोडं पाणी लागणं म्हणजे काय हे तर सांगावंच लागत नाही. वान धरणाचं पाणी यायच्या आधी आजी कुठून पाणी आणायची ते तिलाच विचारावं.

याच बेतानं तुमच्या कापसाची गोष्ट सांगा. आपण मुलांना सांगतो त्या गोष्टींत आपण नेहमी जिंकलेले असतो: मी उपाशी राहून शिकलो, मी अनवाणी चाललो, मी एकट्यानं विहीर खणली. पोरं त्या ऐकून कंटाळलेली आहेत आणि खरं सांगू, त्यांचा विश्वासही बसत नाही. फसलेली गोष्ट सांगितली की ती कान टवकारतात. शेवटी तात्पर्य जोडू नका. "म्हणून सांगतो, अभ्यास कर" हे वाक्य आलं की गोष्ट मेली.

काय सांगू नये, हेही बोललं पाहिजे. हा मुलूख कर्जानं आणि आत्महत्यांनी होरपळलेला आहे. मूल हिशेबात बसवायचं म्हणजे कर्जाचं ओझं त्याच्या डोक्यावर द्यायचं नाही. मागच्या वर्षीचा, निस्तरलेला व्यवहार सांगा. आज रात्री झोप उडवणारा सांगू नका. आकडे सांगा, पण "आता काही खरं नाही" हे त्याच्यासमोर बोलू नका. दहा-बारा वर्षांचं पोर ते वाक्य अक्षरशः खरं धरतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी विसरता, ते अंथरुणात जागं असतं. आणि तसं काही मनात खरोखरच येत असेल तर ते पोराजवळ नको, भावाजवळ, मित्राजवळ, डॉक्टरांजवळ बोला.

दुसरं, "शिकला नाहीस तर शेतात वखर हाकशील" ही धमकी बंद करा. वर्षानुवर्षं ही धमकी ऐकलेल्या मुलाला घरातला धंदाच शिक्षा वाटतो. मग तो त्याबद्दल प्रश्न कशाला विचारील? पुढे नोकरी मिळत नाही आणि शेतीचा हिशेबही येत नाही, अशी पोरं स्टँडवर मोबाइल घेऊन बसलेली तुम्हीही बघता. त्यात त्यांचा दोष निम्माच आहे.

एक गोष्ट मला खटकते ती मुलींबाबत. वेचणीच्या दिवसांत वर्गातल्या मुलींची हजेरी गळते, पोरांची तेवढी नाही. मुलगी आईबरोबर सकाळी जाते, ओटीत कापूस घेते, संध्याकाळी गाठोडं काट्यावर ठेवते. वेचणी किलोवर असते. आईनं किती किलो वेचला, कालचे किती, आठवड्याचे किती, हे त्या बाईच्या तोंडी असतं, वहीशिवाय. घरातली सगळ्यांत पक्की हिशेबनीस तीच. पण कापूस विकायचा की ठेवायचा ही बैठक बसते तेव्हा ती चुलीपाशी असते आणि मुलगी तिच्या मागं. त्या बैठकीत दोघींना बसवा. मुलीला कागद-पेन द्या, वरचा भागाकार तिला करू द्या. आणि तिचे शाळेचे दिवस बुडवून किती रुपयांची मजुरी वाचली, तोही आकडा त्याच कागदावर लिहा.

शेवटी एक घरगुती प्रयोग सुचवतो. अक्षय्य तृतीयेला शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी होते. अठरा प्रकारची धान्यं, पाण्याची घागर, चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं, राजाच्या गादीसाठी पान-सुपारी; रात्रभर घट तसाच आणि पहाटे भाकीत. सकाळीच मोबाइलवर सगळ्यांना ते कळतं. त्यावर श्रद्धा ठेवावी की नाही हे मी सांगायला बसलेलो नाही, अंधश्रद्धेवरून वाद घालणारे त्यांचं काम करत आहेत. मी एवढंच म्हणतो की मुलाला त्या दिवशी भाकीत जसंच्या तसं वहीत उतरवायला सांगा: कोणत्या महिन्यात पाऊस कसा, कोणतं पीक साधारण, कोणतं चांगलं, भावात तेजी की मंदी. खाली घरातल्या प्रत्येकाचा स्वतःचा अंदाजही लिहा, आजीचा, तुमचा, मुलाचा आणि त्याच्या आईचा. कोणाला आधी विचारायचं तेही ठरवा, नाहीतर पहिल्या बोलणाऱ्याचा आकडा बाकीचे धरतील. दिवाळीनंतर वही काढा आणि एकेक ओळ ताडून बघा. जुळलेल्या ओळीपुढे खूण, न जुळलेल्यापुढे फुली, आणि "साधारण" असं मोघम लिहिलेल्या ओळीपुढे काय करायचं यावर भांडण होऊ द्या. वहीच्या शेवटच्या पानावर कापूस किती झाला, कधी विकला, काय भावानं गेला ते लिहून ठेवा. पुढच्या अक्षय्य तृतीयेला तीच वही लागेल.